प्लाझ्मा द्यायला माणसे का आली : माझा अनुभव

कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाच्या प्लाझ्म्यातील, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातील, प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने) रुग्णाला उपयोगी पडतील, अशी २०२० मध्ये आशा होती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पुण्यात प्लाझ्मा मागणारे संदेश दिवसभर फोनवर येत असत. रुग्णाचे वय, रक्तगट, रुग्णालय आणि नातेवाइकाचा क्रमांक एवढाच त्यांतला मजकूर असे. मी नुकताच कोविडमधून बरा झालो होतो, त्यामुळे ते वाचताना जीव कासावीस होई. पण मला प्रत्यक्ष रक्तपेढीत नेले ते वॉर्डात माझी शुश्रूषा केलेल्या परिचारिकेच्या फोनने. "सर, लक्षणं जाऊन अठ्ठावीस दिवस झाले ना? प्लाझ्मा द्यायला याल का?" असे तिने सरळ विचारले. सर्वांना उद्देशून केलेल्या आवाहनापेक्षा ओळखीच्या माणसाने आपल्याला केलेली विचारणा किती बळ देते, हे मला तेव्हा उमगले.

बहीणही कोविडमधून बरी झाली होती आणि माझ्याहून उत्सुक होती. वजन ५० किलोंहून अधिक, हिमोग्लोबिन १२.५ च्या वर, सगळे नियमांत बसत होते. पण तिला दोन मुले आहेत, हे कळताच डॉक्टरांनी नकार दिला. गरोदरपणात स्त्रीच्या रक्तात काही वेगळी प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात आणि प्लाझ्मा घेणाऱ्याच्या फुफ्फुसांना त्यांच्यापासून इजा होण्याचा धोका असतो, हे त्यांनी तिला समजावून सांगितले. कारण पटले, तरी तिला फार वाईट वाटले. माझे होईपर्यंत ती बाहेर बसून राहिली.

संसर्गाच्या आणि प्रतिपिंडांच्या चाचण्यांनंतर मला अफेरेसिस यंत्राजवळच्या खुर्चीत बसवले. दंडातून निघालेले रक्त यंत्रात फिरते, पिवळसर प्लाझ्मा पिशवीत वेगळा होतो आणि रक्तपेशी शरीरात परत येतात. रक्त गोठू नये म्हणून त्यात मिसळलेले सायट्रेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, त्यामुळे मध्येच माझ्या ओठांना मुंग्या आल्या; तेथील तंत्रज्ञाने लगेच कॅल्शियमची गोळी दिली.

शेजारच्या खुर्च्यांवर एक पोलीस हवालदार आणि एक तरुण होता. हवालदारांचा सहकारी कोविडने गेला होता. त्याच्यासाठी काही करता आले नाही, ते निदान दुसऱ्या कोणासाठी करावे, असे ते म्हणाले. तरुणाच्या आईला अनोळखी दात्याचा प्लाझ्मा मिळाला होता आणि तो त्याची परतफेड करायला आला होता. पैशाचा विषय कोणी काढला नाही. अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला मोबदला मिळतो. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले. हा निर्णय मला योग्यच वाटतो. मात्र रोजंदारीवरच्या माणसाचा बुडालेला दिवस आणि प्रवासखर्च भरून देणे म्हणजे रक्ताची किंमत लावणे नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'प्लॅसिड' चाचणीचे निष्कर्ष आले. ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर झालेल्या या चाचणीत प्लाझ्म्यामुळे मृत्यू किंवा आजाराचे गंभीर होणे कमी झाल्याचे दिसले नाही, आणि मे २०२१ मध्ये ही पद्धत कोविडच्या उपचारांतून वगळण्यात आली. ते वाचून मी खिन्न झालो. परंतु बरे झालेल्या माणसांनी प्लाझ्मा दिला नसता तर हा उपचार उपयोगी नाही हेही सिद्ध झाले नसते, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो असतो.

आता मी तशाच यंत्रावर प्लेटलेट देतो, बहुतेक वेळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी. प्लाझ्म्याची गरजही संपलेली नाही, कारण हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना लागणारा रक्त गोठवणारा घटक आणि अल्ब्युमिन हे प्रथिन त्यातून मिळवता येतात. बहिणीला रक्तदान करायला कसलीच आडकाठी नाही, हे त्या डॉक्टरांनीच तिला सांगितले होते. स्त्रियांसाठी ठरलेले १२० दिवसांचे अंतर पुरे झाले की ती रक्तपेढीत जाते.