ऑर्डर गाणाऱ्या बाई आणि मूठभर सोबा

टोकियोत नावाजलेल्या ठिकाणी स्वस्तात जेवायचं असेल तर दुपारी जायचं. तिथे नोकरी करणाऱ्या भाच्याने हे आधीच बजावलं होतं. बाकी टोकियो, म्हणजे देवळं, मनोरे, शिबुयाचा चौक, एव्हाना सगळ्यांच्या फोटोंत पाहून झालंय, ते सोडून देते. मला सांगायचंय ते कान्दा भागातल्या 'यबु सोबा' या दुकानाबद्दल. सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या जपानी शेवया.

दुकान १८८० सालचं. २०१३ मध्ये आग लागली, जुनी इमारत गेली, २०१४ मध्ये नवी उभी राहिली. त्यामुळे काळपट तुळया बघायला जाल तर हिरमोड होईल. टेबल आधी राखून ठेवत नाहीत, बाहेर उभं राहायचं. आई कुरकुरली, "शेवयांसाठी एवढी रांग?"

आत गेल्यावर मात्र तिची कुरकुर थांबली. गल्ल्याशी एक बाई बसल्या होत्या. वाढणाऱ्या मुलीने येऊन ऑर्डर सांगितली की या ती स्वयंपाकघराकडे गाऊन पोहोचवायच्या, शेवटचा स्वर लांबवत, "सेइरोऽऽऽ". ओरडणं नाही की घाई नाही. आमची ऑर्डर त्या सुरात गेली तेव्हा आई खुदकन हसली. नेमका तेवढ्यात शेजारच्या टेबलावरच्याने मोबाइल उंचावून त्यांच्या तोंडासमोर धरला. अहो, त्या कामावर आहेत! मला भयंकर राग आला, पण बाईंच्या सुरात काडीचा फरक पडला नाही.

सेइरो म्हणजे गार सोबा. बांबूच्या चटईवर बारीक, हिरवट झाक असलेले नूडल्स, बाजूला वाटीत गडद रस्सा, चिमूटभर वासाबी (झणझणीत हिरवं वाटण) आणि कांद्याची पात. पिठात दहा भाग कुट्टू आणि एक भाग गहू. रस्सा चांगलाच खारट, त्यामुळे नूडल्सचं फक्त टोक बुडवायचं आणि सुर्रकन ओढायचं. आजूबाजूला कोट-टायवाले बिनदिक्कत आवाज करत होते. लहानपणी ताटावर आवाज केला म्हणून मला धपाटे घालणारी आई तिसऱ्या घासाला त्यांच्याहून जोरात ओढायला लागली.

आता तक्रार. हे साधारण हजार येनमध्ये होतं, पण ताट चार-पाच घासांत रिकामं. एदोच्या काळापासून, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हापासून, सोबा हे मधल्या वेळचं खाणं, हे मान्य. पण रांगेत तासभर उभं राहिलेल्या पोटाला इतिहास कळत नाही. शेजारचे आजोबा शांतपणे दुसरं ताट मागवत होते. सोबत तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेली कोळंबी वगैरे, घेतला की स्वस्ताई संपली. आणि शाकाहारी मंडळींनो, रस्सा सुकवलेल्या बोनितो माशाच्या अर्काचा असतो, तो वगळून द्या म्हणायची सोय नाही. आम्ही मालवणचे म्हणून निभावलं.

शेवटी लाखेच्या भांड्यातून सोबायु आलं, नूडल्स उकळलेलं गढूळ गरम पाणी. उरलेल्या रश्श्यात ते ओतून प्यायचं. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर पेज!" मग माझ्या वाट्याचंही तिनेच संपवलं.

टिप वगैरे भानगड नाही. पोट अर्धवटच भरलेलं, म्हणून जवळच्या १९३० सालच्या 'ताकेमुरा'त शिरलो आणि लाल चवळीचं गोड सारण भरलेले, गरमागरम तळलेले आगेमांजू मागवले. सोब्यात वाचलेले पैसे तिथे गेले.