तुमी आल्ते तवा लाइन गेल्ती

ज्याच्यावर लिहिलंय त्याला छापण्याआधी कॉपी दाखवायची नाही. नागपुरातल्या कुठल्याही डेस्कवर काम केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मंत्री असो, कुलगुरू असो की बिल्डर, कॉपी मागितली की उत्तर ठरलेलं : उद्या पेपरात वाचा. मीही वर्षानुवर्षं हेच उत्तर देत आले. रोजचा पेपर सोडून दिवाळी अंकाच्या कामात पडले, दीर्घ लेखांचा विभाग माझ्याकडे आला, तरी नियम तोच राहिला. तो मोडला सप्टेंबर 2023 मध्ये, धंतोलीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कार्यालयात, पोळा चार दिवसांवर आलेला असताना.

लेख यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाईंवर होता. कळंबच्या पुढचं गाव. नवऱ्याने आत्महत्या केलेली, तीन एकर कोरडवाहू, दोन मुलं, सासू. विदर्भातल्या वाचकाला पुढचं सांगायची गरज नाही, आणि अडचण नेमकी तीच. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान इथे येऊन गेले, सहा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज निघालं, आणि तेव्हापासून दिल्ली-मुंबईचे पत्रकार, माहितीपटवाले, पीएच.डी.वाले असे काही उतरले की काही घरांतल्या बायांना कॅमेऱ्यापुढे कुठे बसायचं हेही पाठ झालं. त्या लेखांची भाषासुद्धा ठरून गेली. भिंतीवरचा हार घातलेला फोटो, कोपऱ्यातला फवारणीचा पंप, शून्यात लागलेली नजर.

आमचा वार्ताहर त्या वाटेने गेला नव्हता, निदान पुष्कळसा गेला नव्हता. पेरणीपासून वेचणीपर्यंत तो त्या घरी जात राहिला. लेख झाला सात हजार शब्दांचा. रोजच्या पेपरात पाचशे शब्दांना जागा मिळाली तरी भाग्य. एवढं ऐसपैस लिहायला मराठीत अजून दिवाळी अंकच लागतो. 1909 साली 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासूनची ही सोय आहे, आणि जाहिराती आटल्या तरी ती टिकून आहे याचं मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटतं.

आमच्या या वार्ताहर पोराचं वाचन दांडगं होतं. त्याच्या डोक्यात होता 'न्यूयॉर्कर' या अमेरिकी साप्ताहिकाचा 31 ऑगस्ट 1946 चा अंक. तो अख्खा अंक जॉन हर्सीच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला होता. सुमारे तीस हजार शब्द, स्फोटातून वाचलेली सहा माणसं, आणि लेखक स्वतः कुठेच नाही. 'मॅडम, मी दिसलोच नाही पाहिजे,' हे त्याचं पालुपद. मी दर बैठकीत एकच विचारायची : हे तुला कसं कळलं? ती रात्री जागी होती, हे कसं कळलं? तो आदल्या दिवशी गप्प होता, हे कुणी सांगितलं? तो वही काढायचा. वही चांगली होती, तारीख-वेळ टाकून लिहिलेली. त्या साप्ताहिकाकडे तपासणाऱ्यांचा वेगळा विभागच आहे. ते लेखातल्या माणसांना फोन करून एकेक तपशील पडताळून घेतात. पण तेही फक्त तपशील विचारतात, लेख वाचून दाखवत नाहीत. आमच्याकडे विभाग म्हणजे मी आणि माझा फोन.

लेखाचा कणा होता 'अपात्र' हा शेरा. शेतकरी आत्महत्येनंतर सरकारी मदत एक लाखाची : तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. ती मिळायची तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने प्रकरण पात्र ठरवावं लागतं, आणि त्यासाठी कर्ज बँकेचं, गावच्या सहकारी सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, तेही थकलेलं. सोसायटीचं कर्ज सासऱ्याच्या नावावर होतं. गेलेल्या माणसाने स्वतः घेतले होते ते पैसे बायकोच्या भावाकडून. साळ्याच्या उसनवारीला कागद नसतो. प्रकरण अपात्र.

बाईंना सासूचे डोळे दाखवायला मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी रुग्णालयात, यायचंच होतं. वार्ताहराने हे सहज सांगितलं आणि मी म्हटलं, त्यांना कार्यालयात घेऊन ये, आपण त्यांना लेख वाचून दाखवू.

आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. उभी हयात त्यांनी पेपरात काढली आहे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. 'आज तिला दाखवाल, उद्या आमदाराचा पीए दारात उभा राहील. त्याला काय सांगाल, तू गरीब नाहीस?' मी म्हटलं, आमदार अंक विकत घेऊन वाचेल, पत्रक काढेल, वकील लावेल. हिच्या गावात आपला अंकच जात नाही. 'म्हणजे दयेवर नियम चालवायचा,' ते म्हणाले. हे वाक्य मला लागलं, आणि अजूनही त्याचं चोख उत्तर माझ्याकडे नाही.

दुपारी दोघी आल्या. गणेशपेठच्या स्टँडवरून आधी मेडिकल, तिथून इकडे. सासूबाईंच्या डोळ्यांत औषध टाकलेलं, त्यावर काळा चष्मा. त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. खालून तर्री-पोहे मागवले. सासूबाईंना दिसत नव्हतं, त्यामुळे बाई एकेक घास त्यांच्या हातावर ठेवत होत्या आणि मधूनच आपणही खात होत्या. दुसऱ्या टेबलाशी निवृत्त प्राध्यापिका असलेल्या आमच्या एक लेखिका बसल्या होत्या. त्यांच्या ललित लेखाचं संपादन त्याच दिवशी ठरलेलं. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं.

वाचायला मीच घेतलं, पोराचा आवाज लागेना. पहिलंच वाक्य : 'दारातून आत पाऊल टाकलं की अंधार अंगावर येतो.'

'कोनता अंधार?' बाईंनी विचारलं.

पोरगा म्हणाला, 'ताई, मी पहिल्यांदा आलो ना तुमच्याकडे, तेव्हाचा.'

'तुमी आल्ते तवा लाइन गेल्ती भाऊ. मंग आली ना. पंखा लावला मी. तुमी म्हनले का आता बरं वाटते.'

त्याने वही उघडली. तीन चाळीसला लाइट आल्याची नोंद त्याच्याच अक्षरात होती. अंधार म्हणजे नुसता अंधार नाही, असं काहीतरी तो बोलायला लागला आणि माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घालून पुढचं वाचायला घेतलं.

'मोडका पलंग'पाशी त्यांनी पुन्हा थांबवलं. पलंग मोडका नाही, त्याचा एक पाय बुटका आहे, त्याखाली वीट लावली आहे. मी 'मोडका' खोडून वीट लिहिली. खरं सांगायचं तर वीट वाक्यालाही जास्त शोभली.

आम्ही दोघं ज्या परिच्छेदाला घाबरत होतो तो मध्यावर होता. आदल्या रात्रीचं भांडण, त्याचं पिणं, तिचं बोलणं. सासूबाई समोर. मी विचारलं, यांना जरा बाहेर बसवू का? बाई म्हणाल्या, 'कायले? त्यायच्यासमोरच तं झालं.' मी वाचलं. खोलीत कोणी काही बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, 'हे खरं हाये. राहू द्या.' तेवढ्यात काळ्या चष्म्याआडून सासूबाई : 'मंग त्याच्या बापाचंबी लिवा. तो बी पेत होता.' भाऊसाहेबांना हसू आवरेना. ते उठून गॅलरीत गेले.

तारीखही त्यांनीच दुरुस्त केली. लेखात होतं, पोळ्याच्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, पोळ्याला बैल सजवले होते, घरी पुरणपोळी झाली होती, दुसऱ्या दिवशी, करीला, तो गेला. सून म्हणाली, मी पोळ्यालेच म्हन्तो, पोळा म्हनला का दोनी दिवस. पंचनाम्याची प्रत आमच्याकडे होती. मी त्या वर्षीचं पंचांग काढून ताडून पाहिलं. श्रावण अमावास्या आदल्या दिवशी होती. सासूबाई बरोबर. आम्ही पंचनाम्यावरची तारीख घेतली होती, पण ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

शेवटाकडे आलो तसं बाई जरा चुळबुळल्या. 'एक इचारू का? राग नाका मानू.' विचारा म्हटलं. 'हे भाऊ येत होते ना, दर टायमाले मी चहा देल्ला. एकदा दूध नोतं तं शेजारून आनलं. तो चहा कुठी हाये यात?'

पोरगा म्हणाला, ताई, मी या लेखात नाहीच आहे, म्हणून चहा नाही.

'तुमी नसान. पन मी तं हावो ना.'

मी एवढी वर्षं हे काम करतेय, पण लेखकाने स्वतःला लेखातून काढून टाकलं की आणखी काय काय निघून जातं ते इतकं उघड मला कुणी दाखवलं नव्हतं. तो गेला तसं त्याचं येणं-जाणं गेलं, त्याच्यासमोर ठेवलेला कप गेला, शेजारणीकडचं दूध गेलं. उरली ती फक्त सोसणारी, घेणारी, वाट पाहणारी बाई. वर्षभर त्या घरात देणारी तीच होती. हर्सी हिरोशिमात स्फोट होऊन गेल्यावर, कित्येक महिन्यांनी पोचला. त्या सकाळच्या हकिकतीत त्याला जागाच नव्हती. आमचा वार्ताहर मात्र ज्या वर्षाबद्दल लिहीत होता ते वर्षभर त्या घरात चहा पीत होता. हे मी त्याला नंतर सांगितलं. तो दोन दिवस फुगून बसला आणि मग नवा इंट्रो घेऊन आला. त्यात लाइट गेलेली असते, येते, पंखा लागतो.

पण खरी पंचाईत भावाची होती. बाई म्हणाल्या, भावाने पैसे दिल्याचं लेखातून काढा. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊ काढला तर 'अपात्र' कशामुळे हे वाचकाला कळणारच नाही, लेखच कोसळतो. 'एका नातेवाइकाकडून' असं लिहू का? बाईंनी लगेच मान हलवली. 'मंग गाव म्हनन का दिरानं देल्ले, अन् त्याच्याच तगाद्यानं गेला. दीर बिचारा काही लेन्यात नाई, देन्यात नाई.' संपादकाच्या खुर्चीत बसून मला हे सुचलं नसतं. आम्ही ज्याला ओळख झाकणं म्हणतो त्याने दुसऱ्याच माणसाच्या गळ्यात ते पडतं.

शेवटी त्यांनी तिथूनच भावाला फोन लावला, स्पीकरवर. तो शेतात होता, मागे मोटारपंपाचा आवाज. सगळं ऐकून म्हणाला, 'छापा ना बाप्पा. साळ्यानं देल्ले म्हना. फक्त किती ते नाका टाकू.' का? थोडं थांबून म्हणाला, 'बायकोले माहीत हाये का म्या देल्ले. किती ते नाई माहीत.' बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आम्ही भाऊ ठेवला, रक्कम काढली. (पुढे पैसे फिटले, वहिनींनाही आकडा कळला, आणि त्या घराची हरकत नाही म्हणूनच हे इथे लिहिते आहे. रक्कम तरीही लिहीत नाही.)

निघताना प्रवासखर्च दिला. तोही वाद झालाच : माहिती देणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, हा दुसरा नियम. मी म्हटलं, आम्ही बोलावलं, तिकीट आमचं. बाई म्हणाल्या, माझं अर्धंच लागते आता. त्याच वर्षी मार्चपासून एसटीत बायकांना निम्मं भाडं झालं होतं. सासूबाईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे, त्यांचं फुकट. एवढ्या वादानंतर व्हाउचर झालं ते चहापेक्षा थोडंच जास्त.

त्या गेल्यावर प्राध्यापिकाबाईंकडे वळले. त्यांचा लेख थोरल्या बहिणीवर होता : तिचं मोडलेलं लग्न, माहेरी परत येणं, आईचा अबोला. भाषा देखणी होती, मला फारसं काही बदलायचं नव्हतं. त्यांनी विचारलं, 'हा नियम आम्हालाही लागू का?' मी म्हटलं, ललित लेखाला तपासणी नाही, आठवण तुमची आहे. 'आठवण माझी, पण लग्न तिचं,' त्या म्हणाल्या. बहीण अमरावतीला असते, वाचते, दर दिवाळीला हा अंक आवर्जून मागवते. बाईंनी लेख फाइलमध्ये घातला आणि म्हणाल्या, शनिवारी जाऊन वाचून दाखवते, सोमवारी पाठवते. सोमवारी फोन आला, लेख देत नाही. कारण मी विचारलं नाही. सहा पानं मोकळी झाली. त्यात एका सराफाची जाहिरात आणि भाऊसाहेबांनी ऐनवेळी लिहून दिलेला एक लेख गेला. तो बरा होता.

भाऊसाहेबांचं भाकीत मात्र आठवड्याभरात खरं ठरलं. पीए आमदाराचा नव्हता. लेखात अपात्रतेच्या शेऱ्याचा उल्लेख होता, त्या कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. त्या बाईला वाचून दाखवलंत असं ऐकतो, मग माझा परिच्छेद मलाही ऐकवा. मी फोन भाऊसाहेबांकडे दिला. ते म्हणाले, 'साहेब, तुम्हाला परिच्छेद नाही, प्रश्न मिळतील. लेखी. उत्तरं जशीच्या तशी छापू.' प्रश्न आम्ही त्याच दिवशी पाठवले. उत्तर आलं दोन ओळींचं : प्रकरण नियमानुसार हाताळण्यात आले असून आमच्या स्तरावर काहीही प्रलंबित नाही. ते आम्ही एकही अक्षर न बदलता, खाली त्यांचं पद लिहून छापलं.