बोराट्याची नाळ ते सिंगापूर नाळ : दोन दिवसांच्या फेरीची आखणी

घाटमाथ्यावरून एका वाटेने कोकणात उतरायचं आणि दुसऱ्या वाटेने परत वर यायचं, असा घाटवाटांचा जोड सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी जुळवता येतो. वेल्ह्याकडच्या घाटमाथ्यावरल्या मोहरी गावातून निघून रायलिंग पठार, बोराट्याची नाळ (नाळ म्हणजे कड्यातली अरुंद, उभ्या उताराची घळ), लिंगाण्याची खिंड, कोकणातली पाने आणि दापोली (महाडकडचं, रत्नागिरीतलं नव्हे) ही गावं, मग सिंगापूर नाळ चढून घाटमाथ्यावरचं सिंगापूर गाव आणि पुन्हा मोहरी, हा त्यातला अतिशय देखणा जोड. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्यामागे रायगड. लिंगाण्यावर आरोहणाला जाणारे गट बोराट्याच्या नाळेतून उतरतात, त्यामुळे ती वाट थोडीफार वापरात आहे. सिंगापूर नाळेला मात्र त्या मानाने फार कमी पाय लागतात. पट्टीचे ट्रेकर ही फेरी एका दिवसात करतात. पाठीवर मुक्कामाची सॅक घेऊन जाणाऱ्यांनी दोनच दिवस धरावेत.

आधी दिशा ठरवा. बोराट्याने उतरायचं आणि सिंगापूरने चढायचं, उलट नाही. या फेरीतला सगळ्यात जोखमीचा भाग म्हणजे बोराट्याची नाळ आणि तिथून लिंगाण्याच्या खिंडीपर्यंतची आडवी वाट. तो पहिल्या दिवशी सकाळी, अंगात ताकद असताना उरकलेला बरा. शिवाय नाळेत दरड आली असेल किंवा कुणाचा धीर सुटला, तर मागे फिरून मोहरी जवळ आहे. हीच नाळ दुसऱ्या दिवशी चढायला ठेवली आणि वर अडकलात, तर संध्याकाळ होत आलेली असते, पाणी संपलेलं असतं आणि गाडी कड्याच्या वर उभी असते.

दुसरं कारण उन्हाचं. या कड्यांचं तोंड पश्चिमेला. सूर्य घाटमाथ्याच्या मागून वर येतो, म्हणून कोकणाकडच्या उतारावर सकाळी बराच वेळ सावली असते. दुपारनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. म्हणून पहिल्या दिवशी 8 च्या आत मोहरी सोडावी आणि दुसऱ्या दिवशी सिंगापूर नाळेच्या पायथ्याला 7 वाजता हजर असावं. सहाशे-सातशे मीटरची चढाई सावलीत झाली, तर माणशी लिटरभर पाणी सहज वाचतं.

वेळेचा हिशोब किलोमीटरवर करू नका. नेस्मिथचा जुना नियम सपाटीला तासाला 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जास्तीचा धरतो. तो चांगल्या वाटेचा नियम आहे. पाठीवर 8-9 किलो, पायाखाली घसारा (सुटी माती-खडी) आणि चार-सहा जणांचा गट असेल, तर तासाला 3 किलोमीटर आणि दर 300 मीटर चढाईला एक तास धरावा. नाळेची उतराई तर चढाईइतकाच वेळ घेते, कधी जास्तच. मोठमोठ्या धोंड्यांवरून उतरताना प्रत्येक पाऊल निवडून टाकावं लागतं आणि एक जण थांबला की मागचे सगळे थांबतात. आठपेक्षा जास्त माणसं या नाळेत नेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

नाळेत उतरण्याची पद्धत आधी सगळ्यांना समजावून सांगा, तीही वर पठारावर, कारण आत शिरल्यावर ऐकायला कुणाला सवड नसते. सुटलेला दगड जितका लांब घरंगळतो तितका वेग घेतो. म्हणून सरळ, अरुंद टप्प्यात एकमेकांना चिकटून, हातभराच्या अंतराने उतरावं, म्हणजे दगड सुटला तरी वेग घेण्याआधी अडतो. किंवा एकेकाने उतरून कातळाच्या आडोशाला उभं राहावं आणि मगच पुढच्याला हाक द्यावी. यातलं मधलं काहीतरी, म्हणजे दहा-पंधरा मीटरचं अंतर ठेवून सगळे एकाच ओळीत, हे सगळ्यात धोक्याचं. दगड सुटला की ‘दगड!’ एवढंच ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं. हेल्मेट प्रत्येकाला हवंच. पायाने दाबून पाहिल्याशिवाय कुठल्याही धोंड्यावर भार टाकू नये. मोठा धोंडा पक्का असतो ही समजूत चुकीची आहे, पावसाळ्यात खालची माती वाहून गेल्यामुळे नेमके मोठेच डुगडुगतात.

सॅक कशी भरली आहे हेही इथेच कळतं. कॅरीमॅट बाहेर आडवी बांधली की ती दोन्ही बाजूंना कातळाला घासते आणि तोल जातो. ती आत गुंडाळून किंवा उभी बांधून न्यावी. लोंबणारे पट्टे खोचून टाकावेत, बाटल्या बाहेरच्या जाळीत ठेवू नयेत. वजन पाण्यासकट 9 किलोच्या वर गेलं तर काहीतरी काढा. बहुतेक वेळा ती वस्तू तंबू असते. पाने किंवा दापोलीत गावकऱ्यांची परवानगी घेऊन देवळात अथवा एखाद्या पडवीत पथारी टाकता येते, म्हणजे दोन किलो तिथेच वाचतात.

नाळ तळापर्यंत उतरायची नसते. मध्येच ती सोडून कड्याला बिलगून आडवं जायचं आणि लिंगाण्याच्या खिंडीत पोचायचं. इथे दृष्टिभय आहे, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला दरी. वाट कोरडी असेल तर अवघड नाही, पण वाळलेल्या गवतावरून बूट सटकतो. गटात कुणी नवखं असेल तर 8 मिलिमीटर जाडीचा 30 मीटर दोर, चार स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे फास) आणि लॉकवाले चार कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) न्यावेत. ते बांधता येणारा, अँकरची, म्हणजे दोर बांधायच्या भक्कम आधाराची पारख असलेला माणूस सोबत असेल तरच. नाहीतर त्या दोराने खोटा धीर येतो आणि माणूस नको तिथे भार टाकतो.

या टप्प्यावर मोबाइलमधल्या ट्रॅकवर विसंबू नका. नाळेच्या उंच भिंतींमुळे उपग्रहांचा सिग्नल आदळून येतो आणि स्क्रीनवरचा ठिपका तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे उडतो. आडव्या वाटेवर तीस मीटर म्हणजे वाट आणि दरी यांतला फरक. सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 नकाशा सोबत हवाच, पण त्याचीही मर्यादा ओळखा. त्यात समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात, म्हणजे पंधरा मीटरचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये लपून जाऊ शकतो. नकाशा डोंगराची रचना सांगतो, पायवाट सांगत नाही. पायवाट मोहरीतला वाटाड्या सांगतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी खिंडीपर्यंत त्याला सोबत घ्यावं आणि त्याच्या पूर्ण दिवसाचे पैसे द्यावेत, कारण त्याचा दिवस मोडतोच.

खिंडीतून खाली लिंगाणामाची आणि पाने. पुढे काळ नदीच्या खोऱ्यातून दापोलीपर्यंतची चाल सोपी आहे, फक्त दुपारी उकाडा फार.

सिंगापूर नाळ शोधण्यात बरेच गट चुकतात, आणि ते वर नाही, खाली चुकतात. पायथ्याच्या जंगलात ढोरवाटांचं जाळं आहे. ढोरवाट रुंद आणि मळलेली असते, म्हणून तीच खरी वाटते, पण ती पाण्यापाशी किंवा चराईच्या पदरावर (डोंगराच्या मधल्या सपाटीवर) जाऊन विरते. घाटवाट चिकाटीने चढत राहते. वीस मिनिटं चालूनही उंची वाढली नसेल, तर बहुधा ढोरवाटेवर आहात. थांबून मागच्या फाट्यावर परत या, कारवीत घुसून ‘वरच निघेल कुठेतरी’ असं करू नका. आदल्या संध्याकाळी दापोलीतून नाळेचं तोंड उजेडात बघून ठेवलं आणि त्याचा फोटो काढला, तर सकाळचं अर्धं काम झालेलं असतं.

पाणी माणशी 3 लिटर भरूनच मोहरी सोडावी. गावात पुन्हा भरून, दुसऱ्या दिवशी चढाईला तेवढंच. वाटेतल्या ओढ्यांचा भरवसा डिसेंबरनंतर नाही. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच टाकावं. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलं तर मळमळतं आणि पोट बिघडतं.

रात्रीला खिचडी. माणशी 90 ग्रॅम तांदूळ, 45 ग्रॅम मूगडाळ, चौघांना साधारण सव्वादोन लिटर पाणी. तूरडाळ नेऊ नका, कुकरशिवाय ती लवकर शिजत नाही आणि गॅस जळत राहतो. आडोसा नीट केला तर 230 ग्रॅमचा एक कॅन चौघांची खिचडी आणि दोन वेळचा चहा एवढ्याला पुरतो. चालताना भाकरी, ठेचा, आणि माणशी 100 ग्रॅम गूळ-शेंगदाणे. लाकडं पेटवू नयेत. गवत वाळलेलं असतं आणि एका ठिणगीने अख्ख्या उतारावर वणवा जातो.

जायचं ते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात नाळ म्हणजेच ओढा, तेव्हा जाऊच नये. ऑक्टोबरात गवत छातीपर्यंत आणि कातळावर शेवाळ. फेब्रुवारीनंतर पाणी आणि सावली दोन्ही आटतात. कड्यांना आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर-डिओ नको, धूर नको, आरडाओरडा नको.

कोकणाच्या बाजूला फुरसं बरंच आढळतं. धोंड्यांच्या फटीत न बघता हात घालू नये, घोट्यावर येणारे बूट घालावेत. दंश झालाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही करू नका. अवयव हलणार नाही असा आधार द्या, माणसाला चालवू नका आणि थेट रुग्णालय गाठा. पान्यातून किंवा दापोलीतून गाडीरस्ता महाडकडे जातो, म्हणून खाली उतरल्यावर काहीही बिनसलं तर सुटकेची दिशा महाड, मोहरी नव्हे. 108 चा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण रेंज कुठे मिळते हे कुणाला माहीत नसतं, ते पान्यात विचारून घ्या. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

घरी एका माणसाकडे लेखी ठेवा: मार्ग, गटातल्या सगळ्यांची नावं, गाडी मोहरीत कुठे लावली, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची. दुपारी 1 पर्यंत सिंगापूर गावात पोचायचं धरलं असेल, तर ही वेळ संध्याकाळी 6 ठेवावी. त्यात वाट चुकण्याचे दोन तास, सिंगापूर ते मोहरी चाल आणि वेल्ह्याकडे येऊन रेंज मिळेपर्यंतचा वेळ, सगळं बसतं.