शेपटी जमिनीला टेकत नाही!

आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये 'सू'ला डोळे भरून पाहिलं. टी. रेक्स या डायनासोरचा हा सांगाडा 12 मीटरहून लांब, कमरेपाशी सुमारे 4 मीटर उंच. पण मी खिळले ते त्याच्या उभं राहण्यावर. लहानपणी चित्रांत पाहिलेला टी. रेक्स कांगारूसारखा ताठ, शेपटी फरफटत चालणारा. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातही तो 1915 पासून तसाच उभा होता, थेट 1990च्या दशकापर्यंत! इथे मात्र पाठ जमिनीला समांतर, पुढे अवजड जबडा, मागे हवेत ताणलेली शेपटी आणि सगळा तोल कमरेवर. काय देखणी रचना आहे ही! पोटाकडच्या बारीक फासळ्या 2018च्या मांडणीत बसवल्यावर धड आणखीच भारदस्त झालंय. खरी कवटी सांगाड्याला पेलवत नाही, म्हणून वेगळ्या पेटीत ठेवलीय. तिथून लेक हलायलाच तयार नव्हती, आणि मीही.