हयातीचा दाखला

सकाळी १० वाजता मोबाइल वाजला. पडद्यावर दोनच शब्द: 'मेजर, दाखला'. दर नोव्हेंबरला वाजावा म्हणून मीच लावून ठेवलेला गजर. जूनमध्ये मेजर गेले, त्या धावपळीत हा काढून टाकायचं राहूनच गेलं. आज काढायला गेलो तर बोट पुढे होईना. 'नंतर आठवण करा' दाबलं. दहा मिनिटांनी पुन्हा वाजला. असं तीनदा झालं. मग आवाज बंद करून मोबाइल उशीखाली सरकवला आणि कामाला बसलो, पण काम काही झालं नाही.

मेजर गेले याचं वाईट वाटतंच. आज टोचतंय ते मात्र गेल्या नोव्हेंबरचं आहे, आणि ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

दाखल्यासाठी सहा वर्षं मी त्यांच्याबरोबर गेलो. पेन्शन घेणाऱ्यानं नोव्हेंबरमध्ये आपण जिवंत असल्याचं दाखवायचं, नाहीतर पैसे थांबतात. २०१४ पासून हे यंत्रावर होऊ लागलं. अंगठा ठेवायचा, जुळला की झालं. मेजरांचा अंगठा दरवर्षी अडायचा. वयानं बोटांच्या रेषा झिजतात, आणि यांनी तर पलटण सोडल्यापासून खुरपं-फावडं हातातून खाली ठेवलं नव्हतं. अंगठा ओल्या फडक्यानं पुसायचे, पँटला घासायचे, पुन्हा ठेवायचे. नाही. दुसरं बोट. नाही. मग माझ्याकडे बघायचे, जणू काही अंगठ्यानं त्यांची लाजच काढली.

गेल्या वर्षी यंत्रावरचा मुलगा म्हणाला, अंगठा राहू दे, आता चेहऱ्यावरही होतं, समोर बघायचं आणि पापण्या मिटून उघडायच्या. मी मोबाइल मेजरांच्या तोंडासमोर धरला. तर मेजर खुर्चीतून उठलेच. टाचा जुळल्या, हनुवटी वर, मुठी पँटच्या शिवणीला. सावधान! नजर सरळ समोर आणि पापणी हलायचं नाव नाही. मी इतका जवळ होतो की डाव्या भुवईतला एक लांब पांढरा केस श्वासाबरोबर हलताना दिसत होता. डोळ्यात पाणी जमायला लागलं तरी पापणी जागची हलेना. मोबाइल पुन्हा पुन्हा तेच सांगत होता. मागे रांग होती. मला उशीर होत होता.

"अहो मेजर, डोळे मिचकवा की! कितीदा सांगायचं? एवढी साधी गोष्ट आहे!"

खोलीभर ऐकू गेलं. मागची बाई बोलता बोलता थांबली.

मेजर म्हणाले, "जी साब."

डोळे गच्च मिटले, उघडले. काम झालं. येताना गाडीवर नेहमीसारखा माझ्या खांद्यावर हात. वाटेत काहीबाही बोलत होते. त्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही, ना तेव्हा ना नंतर.

वर्षभर हे दोन शब्द माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी मला कधी 'साब' म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेला. 'ए पोरा', फार तर 'अरे लेका'. आमची सगळी गल्ली त्यांना मेजर म्हणायची, तेही त्यांना खपायचं नाही. "हवालदार म्हण. जे मिळवलं तेवढंच म्हण." जो माणूस स्वतःला एक पायरी वर चढवू देत नव्हता, त्यानं मला अशा पायरीवर बसवलं की खाली उतरायला जागाच राहिली नाही. मुद्दाम म्हणाले असतील का? की नुसती सवय? वरच्या पट्टीतला आवाज कानावर पडला की आपोआप तोंडून निघत असेल? सवय असेल तर आणखी वाईट. म्हणजे तितक्या क्षणापुरता मी मी नव्हतोच त्यांच्यासाठी, कुणीतरी ओरडणारा वरचा माणूस होतो.

बरं, ज्याच्यावर ओरडलो तो कोण? १९६८ ला बेळगावला भरती झालेला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीतला. १९७१ च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या लढाईत, तिकडच्या जमालपूरला होता. ही हकीकत ते कधी सलग सांगायचे नाहीत, तुकड्या-तुकड्यांनी यायची. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी समोरच्या ३१ बलूच या पाकिस्तानी पलटणीचे कमांडर सुलतान अहमद यांना शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर उलट उत्तराच्या कागदाबरोबर बंदुकीची गोळी आली. मेजर म्हणायचे, "गोळी आली साहेबांना, झोप उडाली आमची." मराठे वळसा घालून शहराच्या मागे गेले होते, टांगाईलकडे जाणारा रस्ता धरून बसले होते. १० तारखेच्या रात्री बलूच त्याच रस्त्यानं बाहेर पडायला आले आणि थेट यांच्यासमोर. ११ ला जमालपूर पडलं, पाचच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली, ९३ हजार युद्धकैदी. एवढं सगळं पुस्तकातही सापडतं. मेजरांची हकीकत मात्र दरवेळी एकाच ठिकाणी थांबायची. "मग उजाडलं," म्हणायचे आणि उठून जायचे. उजाडल्यावर काय दिसलं ते मी विचारलं नाही. एकदा विचारणार होतो, पण त्या दिवशी त्यांची मुठ बघितली आणि गप्प बसलो.

दिवेलागणीला ते कधी बसायचे नाहीत हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. जेवत असले तरी ताट सरकवून उठायचे, अर्धा तास पॅसेजमध्ये येरझारा. लहानपणी मला वाटायचं, पोट साफ होत नसेल. पुढे त्यांनीच सांगितलं, त्याला 'स्टँड टू' म्हणतात. पहाटे आणि संध्याकाळी, अर्धवट उजेडात हल्ला होण्याची भीती जास्त, म्हणून त्या वेळी अख्खी पलटण मोर्च्यात शस्त्र घेऊन तयार उभी असते. सुटून किती वर्षं झाली तरी त्यांची ती वेळ चुकली नाही. त्या पावलांचा आवाज ऐकतच मी अभ्यासाला बसायचो. जूनपासून संध्याकाळी पॅसेज...

जाऊ दे.

दुपारी काकू आल्या. हातात मेजरांची निळी फाइल. मला वाटलं, बसायला आल्यात. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि विचारलं, "आता माझा दाखला लागंल न्हवं?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं! फॅमिली पेन्शनलाही दर नोव्हेंबरला दाखला लागतोच. सकाळपासून मी तो गजर मेलेल्या माणसाचा म्हणून कवटाळून बसलो होतो.

फाइल उघडली. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, आधारच्या प्रती, प्रत्येक कप्प्यावर मेजरांच्या अक्षरात चिठ्ठी. मधल्या कप्प्यात ती पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लष्कराच्या नोंदीतला बदल पक्का करणारा कागद, जिच्यासाठी त्यांनी दोन वर्षं कागद पाठवले होते. डिस्चार्ज बुकात काकूंचं माहेरचं नाव, आधारवर लग्नातलं. नावं जुळली नाहीत तर नवऱ्यामागं बाईची पेन्शन अडते. पलटणीतल्या दोघा-तिघांच्या घरी त्यांनी हे बघितलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "होईल हो, घाई काय आहे?" ते म्हणाले होते, "माझं नाव कुठं अडतंय, तिचं अडंल." ऑर्डर हातात आली त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही ७१ च्या लढाईची पदकं पेटीतून फक्त १६ डिसेंबरला बाहेर निघायची, हा कागद मात्र महिनाभर खिशात घेऊन हिंडत होते.

आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. मोबाइल, पापण्या, रांग, मी कसा ओरडलो, ते काय म्हणाले. काकू ऐकत होत्या. मग हसल्या, अगदी पदर तोंडाला लावून.

"मला तर रोज म्हनायचे. मी आवाज चढवला की जी साब. सुनेला नाय, लेकाला नाय. मला."

म्हणजे मी ओरडलो होतो हे खरं. आणि कुणाच्या शेजारी बसून ओरडलो होतो, तेही आज कळलं.

"त्या दिशी घरी येऊन काय म्हनले ठावं हाय?" काकू फाइलची नाडी बांधत होत्या. "पोराला माझ्यापायी उशीर झाला म्हनले. आन् मला हितं उभं करून शिकवलं, पापनी कशी हलवायची ते. म्हनले, तुला लागंल."

त्यांनी खुर्चीत ताठ बसून दाखवलं. पापण्या हळू मिटल्या, हळू उघडल्या. दोनदा.

त्या गेल्यावर उशीखालून मोबाइल काढला. गजराचं नाव बदललं: 'काकू, दाखला'. वेळ उद्या ११ ची ठेवली. ऑफिसला पूर्ण दिवसाची रजा टाकली आहे.