दादासोबत मज्जारज्जू केंद्रात तीन दिवस

दादाच्या मानेला मार बसून मज्जारज्जूला (पाठीच्या कण्यातल्या नसांच्या दोराला) इजा झाली, त्याला सहा वर्षं झाली. वार्षिक तपासणीसाठी त्याला घेऊन विभागीय मज्जारज्जू केंद्रात तीन दिवस राहून आले.

पहिलं सांगणं : सकाळी लवकरची वेळ घेऊ नका. पोट साफ होणं, आंघोळ, कपडे यातच आमचे अडीच तास जातात. त्या घाईत दादाच्या मांडीखाली कॅथेटरची (लघवी पिशवीत नेणारी) नळी दुमडली, आणि नंबर यायची वाट बघताना त्याचं डोकं ठणकायला लागलं. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. नर्सने त्याला ताठ बसवलं, पट्टे सैल केले आणि लगेच नळी चाचपली. पिशवीत लघवी उतरली तसा रक्तदाबही उतरला. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर नुसत्या तुंबलेल्या लघवीने रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो. या लोकांचा रक्तदाब मुळात कमी असतो, म्हणून वरचा आकडा १३० दिसला तरी तो धोक्याचा असू शकतो. नेहमीचा आकडा लिहून जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी व्हीलचेअरच्या गादीवर दाब मोजणारी सेन्सरची चादर अंथरून दादाला बसवलं. पडद्यावर डाव्या कुल्ल्याखाली लाल ठिपका, म्हणजे तिथे दाब जास्त. तो टेबलावर छाती टेकून पुढे वाकला, तेव्हा लाल पिवळं झालं, मग निळं. इतकी वर्षं आम्ही त्याला 'जरा हल' म्हणत होतो. किती हलायचं ते आत्ता दिसलं. दर १५ ते ३० मिनिटांनी, पुरती दोन मिनिटं. घरची व्हीलचेअर आणि गादी न्याच. दुसऱ्या खुर्चीत ही तपासणी करून उपयोग नाही.

शेवटच्या दिवशी संशोधन विभागात गेलो. मानेवर त्वचेवरून विद्युत उत्तेजन देत हातांचे व्यायाम करून घेतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० पैकी ४३ जणांच्या हातांची ताकद आणि काम, दोन्ही सुधारलं. सहभागी झालेल्यांत ३४ वर्षांपूर्वीची इजा असलेलेही होते. "मी चालेन का?" दादाने विचारलं. "नाही, हे हातांसाठी आहे," संशोधक बाई त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या. मला ते फार मोलाचं वाटलं. तुम्ही विचारा : केंद्रात फेऱ्या किती माराव्या लागतील? यात नाव घातलं तर पुढच्या चाचणीची दारं बंद होतात का? मधेच सोडता येतं, पण सही तिथल्या तिथे करू नका.

संमतीपत्र घरी आणलंय. दादाने चार प्रश्न बोलून फोनवर नोंदवलेत. सोमवारी तोच विचारणार आहे.