हातगाडीवरचा क्यूआर, स्वनिधीचं कर्ज आणि मध्ये अडणारा पैसा

लॉकडाऊनच्या काळात केंद्र सरकारने २० लाख कोटींचं आत्मनिर्भर पॅकेज आणलं, त्यात फेरीवाल्यांच्या वाट्याला आले ५,००० कोटी. म्हणजे पाव टक्का. १४ मे २०२० रोजी घोषणा झाली आणि १ जूनला फेरीवाल्यांना कर्ज देणारी पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. रक्कम लहान असली तरी त्या पॅकेजमधला हाच भाग नीट अभ्यासावा असा आहे, कारण बंद पडलेल्या धंद्याला भांडवल देणं आणि तो धंदा डिजिटल व्यवहारात आणणं ही दोन्ही कामं एकाच कर्जावर सोपवलेली होती. मुंबईत यातलं दुसरं काम झपाट्याने झालं. दादरच्या फूल मार्केटपासून घाटकोपरच्या भाजीच्या गाड्यांपर्यंत क्यूआर पोहोचला. महापालिकेचा कागद, म्हणजे विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारस पत्र, मात्र अजून बहुतेकांपर्यंत पोहोचलेला नाही, आणि कर्ज मिळतं ते कागदावर.

आधी आकडे. मूळ योजनेत पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं होतं, बारा महिन्यांत फेडायचं. ते फिटलं की २०,००० आणि त्यानंतर ५०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेची फेररचना केली. पहिला टप्पा १५,०००, दुसरा २५,००० झाला, तिसरा ५०,०००चाच राहिला आणि मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली. दुसरं कर्ज वेळेवर फेडणाऱ्याला यूपीआयशी जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही मिळू शकतं. तारण लागत नाही आणि मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. बँकेला हमी सीजीटीएमएसई हा सरकारी हमी निधी देतो, मूळ नियमांत तीही पायरीपायरीने: दिलेल्या एकूण कर्जांच्या ५ टक्क्यांपर्यंतची बुडीत रक्कम पूर्ण, पुढे १५ टक्क्यांपर्यंत ७५ टक्के, त्यापुढे काही नाही. बँक मॅनेजर लहान कर्जालाही हात आखडता का घेतात, त्याचं एक कारण या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

फेरीवाल्याच्या बाजूने हिशोब मांडू. १५,००० रुपये, १२ टक्के व्याज, बारा हप्ते. महिन्याचा हप्ता साधारण १,३३३ रुपये, वर्षभराचं व्याज ९९३च्या आसपास. यातलं ७ टक्के व्याज केंद्र सरकार अनुदान म्हणून परत करतं, म्हणजे सुमारे ५८० रुपये. पदरचे जातात चारशे-सव्वाचारशे. बाजारात रोजावर पैसे घेतले तर नेहमीचा दर असा: दहा हजार लिहून घ्यायचे, हातात नऊ हजार द्यायचे आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये वसूल करायचे. मुद्दल रोज घटत असतं हे धरलं तर वार्षिक व्याज ७५ टक्क्यांच्या वर जातं. ज्याची बोनीच रोजवाल्याच्या खिशात जाते, त्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

अनुदान दर तिमाहीला खात्यात येतं, पण एका अटीवर. बँक ज्या तारखेला दावा करते त्या तारखेला कर्जखातं नियमित असावं लागतं, आणि जेवढे महिने ते नियमित होतं तेवढ्याच महिन्यांचं अनुदान मिळतं. पावसाळ्यात चार दिवस धंदा बसला, हप्ता चुकला, थकबाकी ९० दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं. मग अनुदान बंद, पुढचं मोठं कर्ज बंद, आणि कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या सिबिलमध्ये नोंद. पहिल्या कर्जाची खरी कमाई म्हणजे दुसऱ्या कर्जाची पात्रता. म्हणून हप्त्याची तारीख ठरवताना महिन्याची पाच ते दहा तारीख मागून घ्यावी. पगार झालेले असतात, गिऱ्हाईक हात सैल सोडतं, गल्ला बरा असतो.

आता कॅशबॅक, म्हणजे डिजिटल व्यवहारांवर कर्जदाराला योजनेतून मिळणारे पैसे. मूळ नियमांनुसार महिन्यात ५० डिजिटल व्यवहार झाले की ५० रुपये, १०० झाले की ७५, २०० झाले की १००. वर्षाला जास्तीत जास्त १,२००. फेररचनेत किरकोळ आणि घाऊक व्यवहार मिळून ही मर्यादा १,६०० झाली. महिन्याला २०० म्हणजे दिवसाला सातच व्यवहार, कुणालाही सहज जमतील असं वाटतं. पण मोजला जाणारा व्यवहार किमान २५ रुपयांचा असावा अशी अट मूळ नियमात होती. मुंबईत एक वडापाव बहुतेक गाड्यांवर २५च्या आत मिळतो, कटिंग तर त्याहून स्वस्त. स्टेशनबाहेरच्या ज्या गाडीवर पैसे आल्याचं सांगणारा साउंडबॉक्स दिवसभर बोलत असतो, तिचे बरेचसे व्यवहार या मोजणीत बसतच नाहीत. पाव किलो टोमॅटो आणि कोथिंबिरीची जुडी एकत्र विकणाऱ्या भाजीवाल्या मावशी मात्र आरामात बसतात. नियम करणाऱ्यांनी २५ऐवजी १० रुपये धरले असते तर खर्चात फार फरक पडला नसता, चहावाले आत आले असते.

दुसरी गळती क्यूआरच्या प्रकारात आहे. अनेकांच्या गाडीवर मुलाच्या किंवा भाच्याच्या मोबाइलचा वैयक्तिक क्यूआर चिकटवलेला असतो. त्यावर आलेले पैसे व्यक्तीकडून व्यक्तीला दिलेले धरले जातात. कॅशबॅक हवा तर व्यापारी क्यूआर हवा, तो कर्जदाराच्याच नावाचा हवा आणि त्याचा यूपीआय आयडी स्वनिधीच्या नोंदीत जोडलेला हवा. कर्ज मंजूर होताना शाखेत हे विचारून घ्या आणि नोंदवलेला आयडी व गाडीवरचा आयडी एकच आहे ना, हे एक रुपया पाठवून तपासा. काही कंपन्यांच्या क्यूआरवरचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात पडतात. पहाटे चारला भायखळ्याला किंवा वाशीच्या एपीएमसीत माल उचलणाऱ्याला कालचा गल्ला पहाटेच हाताशी असावा लागतो, त्यामुळे पैसे कधी जमा होतात हे क्यूआर घेण्याआधीच ठरवून घ्यावं. साउंडबॉक्सचं भाडं बहुधा महिन्याला शंभराच्या आसपास असतं. म्हणजे पूर्ण कॅशबॅक मिळाला तरी त्यातला बराचसा भाड्यातच जातो. एकट्याने गाडी चालवणाऱ्याला बॉक्स लागतोच, कारण गर्दीत खोटा स्क्रीनशॉट दाखवून निघून जाणारे असतात. ज्याच्या गाडीवर दोन माणसं आहेत आणि मोबाइलवर मेसेज वेळेत येतो, त्याने भाडं वाचवलं तरी चालेल.

क्यूआर फुकट कसा, असं पुष्कळ जण विचारतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायला बंदी आहे. त्या बदल्यात २०२४-२५ मध्ये लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारांवर सरकारने ०.१५ टक्के प्रोत्साहन ठेवलं. त्यासाठी १,५०० कोटी मंजूर झाले. ही रक्कम बँका आणि पेमेंट कंपन्यांकडे जाते, फेरीवाल्याकडे नाही.

मुंबईतली मुख्य अडचण कागदाची आहे. २०१४च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण, शहर फेरीवाला समिती आणि विक्री प्रमाणपत्र असा क्रम आहे. महापालिकेने २०१४ मध्येच सर्वेक्षण केलं, त्यातून पात्र ठरले सुमारे ३२ हजार. प्रत्यक्ष धंदा करणारे याच्या कितीतरी पट. ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यासाठी योजनेत शिफारस पत्राची सोय आहे: पोर्टलवर अर्ज करायचा, वॉर्ड ऑफिसचा परवाना विभाग पडताळणी करतो. इथे कामी येतात ते जुने पुरावे. फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, पालिकेने फाडलेल्या दंडाच्या पावत्या, आधी कुठून घेतलेल्या कर्जाचे कागद. दंडाची पावती कुणी फेकू नये. तारीख, जागा आणि नाव, तिन्ही एकाच कागदावर सरकारी शिक्क्यासह दुसरीकडे मिळत नाहीत. शिफारस पत्राने कर्ज मिळतं, जागेचा हक्क मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत बसायला मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मनाई केली आहे, आणि तिथली गाडी उचलली गेली तरी हप्ता चालूच राहतो.

अर्ज अडकण्याची बाकी कारणं साधी असतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. आधारवर आणि पासबुकात नाव वेगवेगळं असतं, विशेषतः लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचं. गावाकडच्या शाखेतलं खातं दिलेलं असतं आणि तिथला अधिकारी परळच्या गाडीची चौकशी करू शकत नाही. नंबर आधार केंद्रात किंवा पोस्टात आधी दुरुस्त करून घ्यावा, खातं धंद्याच्या जागेजवळच्या शाखेत असावं.

२०२५च्या जुलैमध्ये कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून लहान व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हापासून इथेही काहींनी क्यूआर काढून ठेवले. ताज्या भाजीवर आणि फळांवर जीएसटी नाही. फक्त तेच विकणाऱ्याला नोंदणी लागत नाही. इतर मालासाठी वर्षाच्या विक्रीची ४० लाखांची, सेवेसाठी २० लाखांची मर्यादा आहे. खाद्यपदार्थांची गाडी जोरात चालत असलेल्याने आपली वर्षाची बेरीज एकदा करून बघावी. बाकीच्यांनी क्यूआर काढायचं कारण नाही.

जास्त घाबरण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सायबर फसवणुकीतले पैसे कुणीतरी गाडीवर खर्च करतं, तक्रार होते आणि दोनशे रुपयांपायी भाजीवाल्याचं अख्खं खातं गोठतं. त्या खात्यातून जाणारा स्वनिधीचा हप्ता परत फिरतो आणि अनुदानाला धोका पोहोचतो. अशा वेळी शाखेतून तक्रारीचा पोचक्रमांक आणि कोणत्या पोलीस ठाण्याने कळवलं ते लेखी घ्यावं. फक्त वादातली रक्कम रोखून बाकीचं खातं खुलं करावं असा अर्ज बँकेला आणि त्या ठाण्याला द्यावा, सोबत त्या दिवसाची विक्री आणि माल खरेदीची पावती जोडावी. निकाल लागेपर्यंत हप्ता कर्जखात्याचा क्रमांक सांगून काउंटरवर रोखीने भरावा आणि पावतीवर शिक्का घ्यावा.